पैसे कट झाले, पण पोहोचले नाहीत? मोबाईलमधली बँक कशी चालते आणि आपला हक्क काय

चहाची टपरी, मटणाचं दुकान, रिक्षा, झेरॉक्स सेंटर, मशिदीबाहेरची चंद्याची पेटी. जिकडे पाहाल तिकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चौकोनी स्टिकर लावलेलं आहे. लोक त्याला ‘स्कॅनर’ म्हणतात. दहा रुपयांच्या कोथिंबिरीलाही आता कोणी सुट्टे शोधत नाही. मोबाईल पुढे धरला, चार आकडे दाबले, की दुकानातला डबा ओरडतो आणि व्यवहार संपतो.

पण सगळं सुरळीत असतं तोवरच हे सोपं असतं. पैसे आपल्या खात्यातून कट झाले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, की गोंधळ सुरू होतो. दुकानदार म्हणतो, ‘मला आले नाहीत.’ बँकेचा माणूस म्हणतो, ‘ॲपवाल्यांना विचारा.’ ॲपवर विचारलं तर मशीन उत्तर देतं. शाळेत पालक आमच्याकडे दाखला किंवा मार्कशीट घ्यायला येतात आणि जाता जाता हळूच मोबाईल पुढे करतात, ‘सर, जरा बघा ना, हे काय झालंय?’ या प्रश्नांची उत्तरं अवघड नाहीत. फक्त ती कोणी सरळ भाषेत सांगितलेली नाहीत. म्हणून हा लेख.

शाखेचं खातं ते बँकेचं खातं

पूर्वी आपलं खातं बँकेच्या एका शाखेत असायचं. त्या शाखेच्या मोठ्या वहीत आपलं पान होतं. दुसऱ्या गावच्या शाखेत गेलात तर तिथल्या माणसाला तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे कळायची सोय नव्हती. मग संगणक आले आणि बँकांनी सगळ्या शाखांच्या वह्या एकाच मोठ्या यंत्रणेत आणल्या. याला कोअर बँकिंग म्हणतात. त्या दिवसापासून आपण शाखेचे ग्राहक उरलो नाही, पूर्ण बँकेचे झालो. एटीएम, मोबाईल बँकिंग, यूपीआय ही सगळी झाडं याच मुळावर वाढली आहेत.

पुढचा प्रश्न होता, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे कसे पाठवायचे? त्यासाठी एनईएफटी आली, पण ती बँकेच्या वेळेतच चालायची. शनिवारी दुपारी पाठवलेले पैसे सोमवारी मिळायचे. १६ डिसेंबर २०१९ पासून ती चोवीस तास सुरू झाली. तिच्याही आधी, २२ नोव्हेंबर २०१० ला आयएमपीएस नावाची सेवा सुरू झाली होती. रात्री-बेरात्री, सुट्टीच्या दिवशीही काही सेकंदांत पैसे पोहोचवणारी ती पहिली सोय. मात्र तिच्यात समोरच्याचा खाते क्रमांक आणि शाखेचा कोड असं सगळं भरत बसावं लागायचं.

ही आयएमपीएस चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, थोडक्यात एनपीसीआय. रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने ती २००८ मध्ये स्थापन झाली. याच संस्थेने आयएमपीएसच्या पायावर नवी इमारत उभी केली. तिचं नाव यूपीआय. ११ एप्रिल २०१६ ला रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत तिची सुरुवात झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, ३० डिसेंबरला भीम ॲप आलं, आणि लोकांना गरजेपोटी ही नवी वाट धरावी लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने एका महिन्यात १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये हा आकडा २,००० कोटींच्या पुढे गेला. म्हणजे दोनच वर्षांत दुप्पट.

पिन दाबल्यानंतरचे काही सेकंद

सगळ्यात मोठा गैरसमज आधी दूर करू. फोनपे, गुगल पे यांसारखी ॲप म्हणजे बँक नव्हे. यूपीआयने व्यवहार करताना तुमचे पैसे त्या ॲपमध्ये नसतात, ते तुमच्या बँकेच्या खात्यातच असतात. ॲप हा फक्त दरवाजा आहे. मोबाईलमधून ॲप उडालं तरी पैसे उडत नाहीत.

समजा, तुमचं खातं एका बँकेत आहे आणि भाजीवाल्या चाचांचं दुसऱ्या बँकेत. तुम्ही स्कॅन करून ८० रुपये टाकले आणि पिन दाबला. तुमच्या ॲपने हा निरोप एनपीसीआयच्या यंत्रणेकडे पाठवला. एनपीसीआयने तुमच्या बँकेला विचारलं, ‘पिन बरोबर आहे का, खात्यात पैसे आहेत का?’ पिन कुलूपबंद होऊन बँकेकडे जातो. तो बँक तपासते, ॲपला दिसत नाही. तुमच्या बँकेने ८० रुपये वजा केले आणि ‘केले’ असा निरोप परत दिला. मग एनपीसीआयने चाचांच्या बँकेला सांगितलं, ‘यांच्या खात्यात ८० जमा करा.’ त्या बँकेने जमा केले आणि दोन्ही ॲपना खबर गेली. डबा ओरडला.

गंमत अशी की, त्या क्षणी या बँकेतून त्या बँकेत खरी रक्कम हललेलीच नसते. दोन्ही बँकांनी फक्त आपापल्या वहीत नोंद केलेली असते. दिवसातून अनेक वेळा एनपीसीआय सगळ्या बँकांचा हिशोब करते, कोणी कोणाला किती द्यायचे हे काढते, आणि फक्त फरकाची रक्कम रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवरून चुकती होते. आपल्याकडे जुने व्यापारी हुंडी चालवायचे, अब्बासी काळात व्यापारी ‘सुफ्तजा’ची चिठ्ठी घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे. नाणी एका जागी, विश्वास दुसऱ्या जागी, असाच तो प्रकार. आता चिठ्ठीचं काम संगणकाचा निरोप करतो, आणि आठवड्यांचं काम सेकंदांत होतं.

हे नीट समजून घेतलं की, पैसे अडकतात कुठे तेही कळतं. तुमच्या बँकेने वजा केले, पण पुढच्या बँकेचं यंत्र त्या क्षणी उत्तरच देत नाही. निरोप मधेच लटकला. यालाच ॲप ‘पेंडिंग’ म्हणतं.

पैसे अडकले तर नियम काय सांगतो?

याबाबत रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

तुम्ही एखाद्या व्यक्तीला यूपीआयने पैसे पाठवले, तुमचे कट झाले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर जास्तीत जास्त दुसऱ्या दिवशीपर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला केलेल्या पेमेंटची खात्री त्याला मिळाली नसेल, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. एटीएममधून नोटा निघाल्या नाहीत पण खात्यातून वजा झाल्या, तरीही पाच दिवस. या मुदतीनंतर उशिराच्या प्रत्येक दिवसामागे १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळायला हवी. आणि ती मागायची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची आहे.

मग करायचं काय? घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे टाकू नका. आधी खात्याची शिल्लक बघा. ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की बारा अंकी क्रमांक दिसतो, त्याला यूटीआर म्हणतात. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तिथेच तक्रारीचं बटण असतं, ते दाबा. मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर हा क्रमांक लिहून बँकेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी विचारलेल्या गोष्टीची नोंद कुठेच राहत नाही. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, वहीत नाही ते परीक्षेत नाही. बँकेतही तसंच आहे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच लोकपाल योजना झाली. तक्रार ऑनलाईन करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही.

चुकीच्या माणसाला पैसे गेले तर मात्र प्रकरण वेगळं. तिथे यंत्राची चूक नसते. बँक विनंती करू शकते, पण समोरच्याच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम उचलून देऊ शकत नाही. म्हणून पिन दाबण्याआधी पडद्यावरचं नाव वाचा. जून २०२५ च्या अखेरीपासून ॲपने समोरच्याचं बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवायचं असा नियम लागू झाला आहे. मशिदीच्या किंवा दुकानाच्या स्टिकरवर रात्रीतून कोणी आपलं स्टिकर चिकटवून गेलं, तरी हे नाव चोर उघडा पाडतं. ट्रस्टचं नाव दिसायला हवं तिथे भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा आणि जबाबदार माणसाला सांगा.

पिन फक्त देण्यासाठी, घेण्यासाठी नाही

एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाने पाठ केलं तरी निम्मी फसवणूक थांबेल. पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही. ‘तुमचा जुना सोफा घेतो, ॲडव्हान्स पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होईल,’ असं कोणी म्हटलं, तर तो चोर आहे. पूर्वी हे चोर ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवायचे आणि भोळी माणसं त्यावर पिन टाकायची. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही मागणीची सोय बंद करण्यात आली.

दुसरा प्रकार भीतीचा. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, ही डिजिटल अटक आहे.’ कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी खात्यावर पैसे मागत नाहीत. पोलिसांचं नाव काढलं की आपल्या वस्तीतली माणसं जास्त घाबरतात, हे चोरांनाही ठाऊक आहे. असा फोन आला की कट करा आणि घरातल्या कोणाला तरी लगेच सांगा. गप्प राहण्यावरच त्यांचा धंदा चालतो.

चोरी झालीच, तर पहिला तास महत्त्वाचा

१९३० हा क्रमांक मोबाईलमध्ये आजच सेव्ह करा. सायबर फसवणुकीची ही सरकारी हेल्पलाईन आहे. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. ते चार-पाच खात्यांतून फिरवून एटीएममधून काढतो. तुम्ही लवकर कळवलं तर पैसे मधल्या एखाद्या खात्यात रोखता येतात. उद्या भाऊ आल्यावर बघू, म्हणून थांबलात तर रोखायला काही उरत नाही.

बँकेलाही त्याच वेळी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी किती हे ठरवून दिलं आहे. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधेच कुठेतरी चोरी झाली, आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. बँकेने ती रक्कम दहा कामकाजी दिवसांत तात्पुरती जमा करायची असते. चार ते सात दिवसांत कळवलं तर तुमच्या वाट्याचं नुकसान मर्यादित राहतं. साध्या शून्य शिलकीच्या खात्यासाठी जास्तीत जास्त ५,००० रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. मात्र पिन किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्यात फायदाच आहे. लाजेने लपवण्यात तोटा आहे.

खातं भाड्याने देणारी पोरं

ही गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून सगळ्यात जास्त खुपते. चोराचे पैसे ज्या चार-पाच खात्यांतून फिरतात, ती खाती कोणाची असतात? बरीचशी अठरा-वीस वर्षांच्या पोरांची. बारावी झालेली, हाताला काम नसलेली पोरं. कोणीतरी ओळखीचा येतो. ‘तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम फक्त महिनाभर दे, पाच हजार घे.’ पोराला वाटतं, आपण तर काही चोरलं नाही. पण तपासाच्या कागदावर पहिलं नाव त्याचंच येतं. मोठा चोर कुठल्या कुठे बसलेला असतो, नोटीस मात्र मालेगाव किंवा भिवंडीच्या पत्त्यावर येते, तीही दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची. खातं गोठतं, नोकरीच्या पडताळणीत अडचण येते, आणि बापाने लूमवर रात्रपाळी करून जमवलेले पैसे कोर्टाच्या फेऱ्यांत जातात.

बँका अशी खाती ओळखण्यासाठी आता संगणकाची मदत घेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्याच संस्थेने ‘म्यूल हंटर’ नावाची यंत्रणा तयार केली आहे. शिकार मात्र छोट्या मासोळीचीच आधी होते. आई-बापांनी मुलाला स्पष्ट विचारावं, ‘तुझं कार्ड कुठे आहे? सिम किती आहेत?’ विचारण्यात अपमान नाही.

नावाचा घोळ

आधार कार्डावर ‘शेख’ एका स्पेलिंगने, पासबुकावर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या. मोहम्मदचं कुठे पूर्ण स्पेलिंग, कुठे नुसती दोन अक्षरं. लग्नानंतर बाईचं नाव कुठे ‘बी’, कुठे ‘बेगम’, कुठे नवऱ्याच्या नावासह. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना नाव दोनदा वळण घेतं. माणसाला कळतं की हा एकच माणूस आहे, पण यंत्राला कळत नाही. शिष्यवृत्ती अडकते, केवायसी होत नाही.

शाळेत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना हे आम्ही दरवर्षी बघतो. यावर इलाज कंटाळवाणा आहे, पण एकच आहे. एक कागद मूळ धरा, शक्यतो जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला, आणि बाकी सगळे कागद त्याच स्पेलिंगला आणा. मूल पहिलीत असतानाच हे काम करा. दहावीचं सर्टिफिकेट निघाल्यावर हेच काम दहापट अवघड होतं.

आणखी एक गोष्ट. आधारवर आधारित सरकारी पैसे, म्हणजे शिष्यवृत्ती असो की लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जातात. फॉर्ममध्ये कोणतं खातं लिहिलं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं. २०२४ मध्ये कित्येक बायांचे पैसे त्या विसरून गेलेल्या जुन्या खात्यात जमा झाले आणि त्या ‘आलेच नाहीत’ म्हणत फिरत होत्या. आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे, हे आधारच्या सरकारी वेबसाईटवर पाहता येतं. ज्या खात्याचं पासबुक आपल्या हातात आहे, तिथेच ते जोडून घ्या.

दुकानदारांसाठी तीन गोष्टी

पहिली, खर्चाची. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला कमिशन लागत नाही. साऊंड बॉक्सचं महिन्याचं भाडं वेगळं आणि ते कंपनीनुसार बदलतं. डबा घेताना भाडं किती, पहिले किती महिने फुकट, बंद कसा करायचा, हे विचारून घ्या.

दुसरी, हिशोबाची. स्कॅनरवर आलेला प्रत्येक रुपया नोंदलेला असतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमा रकमांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा बंगळुरूत कित्येकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’च्या पाट्या लावल्या. पण स्टिकर काढणं हा उपाय नाही. मालाच्या विक्रीत वर्षाची उलाढाल साधारणपणे ४० लाखांपर्यंत आणि सेवांमध्ये २० लाखांपर्यंत असेल, तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ताजी भाजी, दूध अशा मालावर करच नाही. अडचण कुठे होते? दुकान, घर, भिशी, भावाने पाठवलेले पैसे, सगळं एकाच खात्यात येतं, आणि मग यातलं विक्रीचं किती हे सांगता येत नाही. म्हणून दुकानाचं खातं वेगळं ठेवा आणि रोज रात्री खरेदी-विक्रीची वही लिहा.

तिसरी, गोठलेल्या खात्याची. एखाद्या गिऱ्हाईकाने चोरीच्या पैशातून तुमच्याकडून माल घेतला, तर पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं रोखते. अशा वेळी बँकेकडून लेखी घ्या की, कोणत्या ठाण्याची कोणती तक्रार आहे आणि किती रकमेची. बिल, मालाची पावती, त्या दिवसाची वही घेऊन त्या ठाण्याला अर्ज करा आणि पूर्ण खातं न रोखता वादातली रक्कमच रोखावी, अशी मागणी करा. बिल फाडायचा कंटाळा अशा दिवशी महागात पडतो.

साधा फोन, अंगठा आणि घरातली मोठी माणसं

स्मार्टफोन नाही म्हणून यूपीआय नाही, असं नाही. साध्या फोनवर *९९# डायल करून किंवा मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘१२३ पे’ सेवेत फोन लावून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. छोट्या खर्चासाठी ‘यूपीआय लाईट’ आहे. त्यात थोडी रक्कम बाजूला काढून ठेवायची, मग छोट्या पेमेंटला पिन लागत नाही. फोन हरवला तर तेवढीच रक्कम धोक्यात, म्हणून त्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा.

ज्यांना हेही जमत नाही, ते गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात. सोय मोठी आहे, पण धोका असा की अंगठा कशासाठी लावला, हे निरक्षर माणसाला दिसत नाही. ‘लागला नाही, परत लावा’ म्हणत दोनदा काढलेले पैसे नंतर सिद्ध करणं कठीण. प्रत्येक वेळी छापील पावती घ्या, आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा. वापर नसेल तेव्हा आधारचा अंगठा-ठसा ‘लॉक’ करून ठेवता येतो, ही सोय आधारच्या ॲपमध्ये आहे.

घरातल्या अम्मी किंवा दादीचा पिन पोराच्या हातात, कार्ड जावयाच्या खिशात, हे आपल्याकडे सर्रास चालतं. विश्वासाचा प्रश्न नाही, पण खातं तिचं आहे आणि त्याची खबर तिला हवी. ऑगस्ट २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय आहे. तिच्यात खातेदार घरच्या माणसाला मर्यादा घालून, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत, खर्चाची परवानगी देऊ शकतो. पिन स्वतःकडेच राहतो. हॉस्टेलवरच्या मुलासाठी किंवा सौदा आणणाऱ्या नातवासाठी हे बरं.

आखातात असलेल्यांसाठीही एक गोष्ट. सौदी अरब, संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान अशा दहा देशांच्या मोबाईल क्रमांकांवर, एनआरई किंवा एनआरओ खातं असेल तर, यूपीआय सुरू करण्याची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये देण्यात आली. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांना याचा उपयोग आहे. आपली बँक ही सोय देते का, एवढं विचारून घ्यावं.

देणं वेगळं, कर्ज वेगळं

व्याजाच्या भीतीने बँकेपासूनच लांब राहणारी माणसं आजही आहेत. खात्यावर येणाऱ्या व्याजाचं काय करायचं, हा मसला त्यांनी आपल्या उलेमांना विचारावा, आम्ही त्यात पडत नाही. पण एक फरक समजावून सांगणं आमचं काम आहे. यूपीआयने पैसे पाठवणं म्हणजे आपलेच पैसे एका जागेवरून दुसरीकडे देणं. त्यात कर्ज नाही, व्याज नाही.

मात्र त्याच ॲपमध्ये, त्याच बटणाशेजारी, आता कर्जही आणून ठेवलेलं आहे. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’, क्रेडिट कार्ड जोडा, दोन मिनिटांत वीस हजार. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय २०२२ मध्ये आली, आणि २०२३ मध्ये बँकेने आधी मंजूर केलेलं कर्जही यूपीआयवरून वापरायची मुभा मिळाली. पिन टाकण्याआधी वर कोणतं खातं निवडलंय, बचत की क्रेडिट, हे बघा. आणि कर्ज घ्यायचंच झालं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला माहितीचा कागद आधी द्यायला हवा. कर्जाचं ॲप तुमच्या फोनमधली नातेवाईकांची नंबर-यादी मागत असेल, तर ते नियमात बसत नाही. असं ॲप तिथेच काढून टाका.

थोडी रोकड घरात असू द्या

यंत्र शेवटी यंत्र आहे. २६ मार्च २०२५ च्या संध्याकाळी देशभर यूपीआय अडखळलं. रमजानचा शेवटचा अशरा, बाजारात ईदची गर्दी, आणि पेमेंट पुढे जाईना. मग १२ एप्रिलला पुन्हा तेच झालं. ज्यांच्या खिशात दोन-तीनशे रुपये होते, त्यांचं काम झालं. म्हणून दवाखान्याला आणि दोन दिवसांच्या राशनला पुरेल एवढी रोकड घरात ठेवणं, हे मागासलेपण नाही.

या जुम्याला किंवा रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. त्यांच्या फोनमध्ये १९३० सेव्ह करा, पासबुक भरून आणायचा दिवस ठरवा, आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते पाहा, आणि ‘पिन फक्त देण्यासाठी’ हे वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या. मग शेजारच्या घरात जिथे असं सांगणारं कोणी नाही, तिथेही जा.